पॅरिस ऑलिम्पिक 2024 चा उद्घाटन सोहळा: नदीत की स्टेडियममध्ये? (आणि आपल्या खेळाडूंचा तो पोशाख)

कपाशीचं बोंड (जळगाव):
दोन दिवसांपासून एक पोस्ट फिरतेय: ‘सीन नदीत सोहळा घेऊन पॅरिसने ऑलिम्पिकची लाज घालवली. खेळाडू भिजले, झेंडा उलटा लागला, ज्योतीच्या जागी विजेचा दिवा. सोहळा स्टेडियममध्येच शोभतो.’ तिसऱ्यांदा समोर आली तेव्हा राहवलं नाही.

झेंडा उलटा लागला, मान्य. दक्षिण कोरियाला उत्तर कोरिया म्हणून पुकारलं, हेही मान्य, आणि त्याबद्दल ऑलिम्पिक समितीने माफीही मागितली. पण यात नदीचा काय दोष? स्टेडियममध्ये काय काय बिघडलंय ते आठवा. 1988 ला सोलमध्ये ज्योतपात्राच्या काठावर बसलेली कबुतरं ज्योत पेटताच होरपळली. 2010 ला व्हँकुव्हरला ज्योतपात्राचे चार खांब वर यायचे होते, तीनच आले, आणि तो सोहळा तर छताखाली होता. 2014 ला सोचीत ऑलिम्पिकच्या पाच कड्यांपैकी पाचवं उघडलंच नाही.

नदीने काय दिलं तेही बघा. ऑस्टरलिट्झ पुलापासून त्रोकादेरोपर्यंत 6 किलोमीटर, 85 बोटी. खालच्या घाटावर लाखभर तिकिटांची जागा आणि वरच्या रस्त्यावर दोन लाखांहून जास्त लोकांना फुकट प्रवेश, असं नियोजन होतं. तीन लाख माणसं मावतील असं एक स्टेडियम दाखवा.

तापीकाठ (रावेर):
तीन लाख आले, पण बघितलं काय? एका जागी उभ्या असलेल्या माणसाला समोरून जाणाऱ्या बोटी आणि फार तर एखादा नाच दिसला, बाकी सगळं पडद्यावर. पडद्यावरच बघायचं तर घर काय वाईट?

आणि पाण्याचं कुणी बोलतच नाही. जूनमधली बोटींची तालीम पुढे ढकलावी लागली होती, कारण सीनचा प्रवाह जास्त होता. प्रवाहाच्या दिशेने जाणाऱ्या बोटीचं सुकाणू लागायला तिचा वेग पाण्यापेक्षा जास्त लागतो. पाणी जोरात असलं की ती हळू करता येत नाही. केली तर आडवी होते. मग पुढची-मागची अंतरं तुटतात आणि मिनिटामिनिटाचं वेळापत्रक कोसळतं. हतनूर धरणाच्या 41 दरवाजांमधले निम्मे उघडले तरी खाली तापीत कुणी नाव घालत नाही. ज्या नदीचा भरवसा महिनाभर आधी नव्हता, तिच्यावर अख्खा सोहळा टाकणं हा जुगार होता. यावेळी फक्त पाऊस आला, पूर नाही, म्हणून निभावलं.

मांडववाला (भुसावळ):
आवाजाचं मी सांगतो, कारण टीव्हीवर ते कळत नाही. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, म्हणजे किलोमीटरला तीन सेकंद. एका पुलावर गाणं वाजलं आणि तिथेच मोठे स्पीकर लावले, तर किलोमीटरभर लांबच्या माणसाला नाच आधी दिसेल आणि ठेका तीन सेकंदांनी ऐकू येईल. म्हणून थोड्या थोड्या अंतरावर स्पीकरचे खांब उभारून प्रत्येकाला वेगळा उशीर लावावा लागतो, 100 मीटरला सुमारे 0.29 सेकंद. हे चुकलं की एकच शब्द दोनदा ऐकू येतो. शिवाय दोन्ही काठांवर दगडी भिंती, त्यामुळे घुमणं वेगळंच. स्टेडियममध्येही उशीर लावावा लागतो, पण तिथे अंतर शे-दोनशे मीटर. माझं मत तापीकाठ भाऊंच्या बाजूने.

ठिबक (यावल):
ज्योतीला ‘विजेचा दिवा’ म्हणणाऱ्यांनी ती कशी चालते ते बघावं. 7 मीटर व्यासाचं कडं, त्यात 40 एलईडी झोत आणि उच्च दाबाचे 200 फवारे. धुक्यासारखे बारीक थेंब उडतात, खालून त्यांच्यावर प्रकाश पडतो आणि आग दिसते. आपल्याकडे हरितगृहात फॉगर, म्हणजे धुकं उडवणारे फवारे असतात, तसंच. फॉगर 4 बार दाबावर चालतो. त्याहून बारीक थेंब हवे असतील तर दाब कितीतरी पट लागतो आणि नोझलचं भोकही सुईच्या टोकाएवढं. क्षाराचं पाणी असेल तर आठवड्यात बुजतं. आपल्या बोअरच्या पाण्यावर गाळणी आणि आम्लप्रक्रिया केल्याशिवाय ही ज्योत चार दिवस टिकणार नाही. वारा सुटला की धुकं एका बाजूला जातं, तेवढी तिची खरी अडचण. ऑलिंपियाहून आणलेली मूळ ज्योत जवळच कंदिलात होतीच. मग विझलं काय?

तापीकाठ:
काम कौशल्याचं आहे, नाही म्हणत नाही. पण आगीला ऊब असते. धुक्याला ती नाही.

धुळ्याची ताई:
तुम्ही सगळे बोटी आणि फवारे मोजताय. आपल्या खेळाडूंच्या पोशाखाकडे कुणी पाहिलं का? सिंधू आणि शरथ कमल झेंडा घेऊन पुढे, आणि अंगावर इकतची छपाई. छपाई! कापूस पिकवणारा देश हातमागाच्या नावाखाली छापील कापड घालून जगासमोर उभा राहतो.

इकत म्हणजे काय ते बघा. सूत चौकटीवर ताणायचं, नक्षीप्रमाणे खुणा करायच्या, रंग नको तिथे घट्ट बांधायचं, बुडवायचं, सुकवायचं, सोडायचं आणि पुढच्या रंगासाठी पुन्हा बांधायचं. जितके रंग तितक्या फेऱ्या. मागावर धागा केसभर सरकतो म्हणून नक्षीची कड पुसट येते, तीच तिची ओळख. छपाईत ती पुसट कडसुद्धा छापलेली असते. राग त्याचाच येतो.

कपाशीचं बोंड:
ताई, ही चर्चा नदीची आहे, पोशाखावर वेगळी काढा. आणि पोशाखाची घाई होती हे विसरू नका. ॲथलेटिक्सची पात्रता 30 जूनपर्यंत चालू होती आणि सोहळा 26 जुलैला. कोण जाणार हेच ठरलेलं नाही, तर मापं कुणाची घेणार? इकत विणायला महिने लागतात.

धुळ्याची ताई:
भाऊ, साडीला कधीपासून माप लागायला लागलं? 117 खेळाडूंत 47 महिला. साडेपाच मीटरने 260 मीटर कापड. पोचमपल्लीकडे एका ताण्यावर (मागावर एकदा ताणलेल्या उभ्या सुतावर) साधारण सात-आठ साड्या निघतात आणि बांधणी-रंगाईसकट त्याला महिना-दीड महिना लागतो. सहा-सात माग मार्चमध्ये लावले असते तर मेमध्ये साड्या घडी घालून तयार. शेवटच्या आठवड्यात फक्त ब्लाउज. पुरुषांच्या कुर्त्याचंही तेच, थान आधी विणून ठेवा, कापा नंतर. तुमचं ‘महिने लागतात’ हे दुहेरी इकतचं, म्हणजे उभं-आडवं दोन्ही सूत बांधून रंगवतात त्याचं, पाटणच्या पटोल्याचं. एकेरीचं नाही. माहिती नसेल तर ठोकून देऊ नका.

कपाशीचं बोंड:
अंगावर येऊ नका. दुहेरी आणि एकेरीत माझी गल्लत झाली, कबूल. पण ओल्या डेकवर, वाऱ्यात मोकळी साडी घालून तीन तास उभं राहायचं? पदर रेलिंगमध्ये अडकला, निरीत पाय आला, तर स्पर्धेच्या तोंडावर घोटा जायचा. शिवलेली साडी त्यासाठीच असते. सुती साडी भिजली की जड होऊन पायाला चिकटते, हेही खरं.

अमळनेरना आप्पा:
भाऊ, आठे खरी गोट अशी शे, नऊवारीचा काष्टा घाला. आठ मीटरच्या वर कापड, पण पाय मोकळे. याच साडीत बाया चिखलात निंदणी करतात, पाण्यातून चालतात. आणि सूत ओलं झालं की कमजोर नाही, उलट मजबूत होतं. रेशमाचं तसं नाही. आपला 29 मिलिमीटर लांब धाग्याचा कापूस 40 नंबरचं बारीक सूत आरामात देतो.

दुसरी गोष्ट. 1936 ला बर्लिनच्या ऑलिम्पिकने मशाल धावत आणायची प्रथा सुरू केली. त्याच वर्षी डिसेंबरात आपल्या फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यातलं पहिलं. गांधीजींच्या सांगण्यावरून नंदलाल बोस यांनी बांबू आणि गावात मिळणाऱ्या साध्या वस्तूंनी ते नगर सजवलं. सोहळ्यात आपलं साहित्य कसं वापरायचं, हे या मातीला तेव्हापासून ठाऊक आहे.

मांडववाला:
आप्पा, मांडव एका जागी उभा राहतो. अंगावरचं कापड विमानाने जातं, भिजतं, टीव्हीच्या प्रकाशात चमकतं. ही तुलना मला पटत नाही. आणि छपाईला इतकं हिणवू नका. सुती कापडावर डिजिटल छपाई करायची तर आधी सोडा, युरिया आणि अल्जिनेटचा (लेप घट्ट करणारा पदार्थ) लेप द्यावा लागतो, मग 102 अंशांच्या वाफेत आठ-दहा मिनिटं, मग धुलाई. तेही काम आहे. वाफ कमी पडली तर पहिल्या पावसात रंग उतरतो.

धुळ्याची ताई:
छपाईला कमी लेखत नाही. छपाईला छपाई म्हणा, एवढंच. कुणालाही तपासता येतं: कापड उलटं करा. इकतमध्ये दोन्ही बाजू सारख्या. छपाईत बहुतेक वेळा मागची बाजू फिकी. तरी शंका असेल तर कडेचा एक धागा उसवा. रंग त्याच्या आतपर्यंत तुकड्या-तुकड्यांनी गेलेला दिसला तर तो विणकराचा.

कपाशीचं बोंड:
साडीचं गणित तुमचं बरोबर, ताई. मार्चमध्ये माग लावायला हवे होते. नदीवर मात्र मी ठाम आहे. सुमारे 6800 खेळाडू बोटींवर होते. स्टेडियममध्ये तेच तासन् तास आतल्या बोळात ताटकळतात आणि मैदानात येऊन पुन्हा उभेच. इथे पावसात का होईना, काठावर शहर होतं.

तापीकाठ:
बोळाचं पटलं. पण मी प्रवाहाचं विचारलं होतं, त्याला अजून कुणी उत्तर दिलेलं नाही. 26 जुलैला पाणी जूनसारखं असतं, तर त्या 85 बोटी कुठे नेणार होते?