'शांत दरारा' चालेल का?

निळी शाई
जुन्या परदेशी पोलीस मालिकांवर लेख लिहायला घेतलाय आणि एका शब्दापाशी गाडी अडलीय. 'मायामी व्हाइस' (१९८४ ते १९८९) म्हटलं की लोकांना क्रॉकेट आणि टब्ज ही पोलिसांची जोडी आठवते. फिके गुलाबी-निळे कोट, वर सारलेल्या बाह्या, स्पीडबोटी, गाणी. मला आठवतो त्यांचा साहेब, लेफ्टनंट मार्टिन कॅस्टिलो. पडद्यावर मातकट रंग दिसता कामा नये असा मालिकेचा कटाक्ष, सगळीकडे नुसती रंगांची उधळण, आणि त्यात हा माणूस काळा सूट, पांढरा शर्ट आणि अरुंद काळा टाय घालून दारात उभा. आवाज चढवत नाही. पुष्कळदा समोरच्याकडे बघतसुद्धा नाही. टेबलाकडे बघत चार शब्द बोलतो आणि मग नजर वर उचलतो. तेवढ्यानं क्रॉकेटसारखा तोंडाळ गडी गप्प. एडवर्ड जेम्स ओल्मोसला या कामासाठी १९८५ चं एमी, म्हणजे टीव्हीचं मोठं पारितोषिक, मिळालं. बोलायला इतकं थोडं असताना!

तर मी लिहिलं, 'कॅस्टिलोचा शांत दरारा'. कच्चा खर्डा वाचणाऱ्या मित्रानं त्याखाली लाल रेघ मारली. त्याचं म्हणणं, हा वदतोव्याघात आहे. दरारा वाघाचा असतो, दरोडेखोराचा असतो, त्यात गर्जना गृहीतच आहे. त्यानं सुचवलं 'धाक'. मला ते अजिबात पटत नाही. तुम्ही काय लिहाल?

आडवाट
मित्र चुकतोय. या शब्दांबरोबर क्रियापदं कोणती येतात ते बघा, अर्थ आपोआप सुटा होतो. धाक दाखवतात, घालतात. जरब बसवतात. वचक ठेवतात. आब राखतात. या सगळ्यांत माणूस काहीतरी करतोय. दरारा मात्र असतो. 'त्यानं तिला दरारा दाखवला' असं कोणी म्हणून दाखवा. दरारा हा त्या माणसाचा उद्योगच नव्हे, तो बाकीच्यांच्या मनात चालतो. तेव्हा गर्जना गृहीत वगैरे काही नाही. उलट ज्याला गर्जना करावी लागते त्याचा दरारा संपत आलेला असतो.

कानामात्रा
आडवाट यांच्याशी सहमत, आणि भर घालतो. दरारा अस्सल आपला शब्द आहे. संस्कृतात 'दर' म्हणजे भीती. जरब, रुबाब, दबदबा ही सगळी फारसी-अरबी भरती. शिवाजी महाराजांनी दरबारी फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो कशासाठी? घरात शब्द असताना शेजारी मागायला जाऊ नये.

आडवाट
'दर'वरून दरारा हे तुम्ही ठरवलंत. तो नुसता नादावरून आलेला शब्द असू शकतो, थरार, भरारा यांच्या पंगतीतला. आणि 'भरती' म्हणून हिणवण्याआधी त्या शब्दांच्या पोटात काय आहे ते तरी बघा. जरब म्हणजे मुळात अरबी 'ज़र्ब', आघात, ठोका. नाणं पाडण्यालाही तोच शब्द, मोगल नाण्यांवर टांकसाळीच्या गावाच्या नावाबरोबर तो कोरलेला असतो. उर्दूत गुणाकारही ज़र्बच. आपण मात्र मारच काढून टाकला आणि नुसती नजर ठेवली. 'नजरेत जरब आहे' म्हणजे हात न उचलता ठोका बसतो. हे मराठीनं केलेलं काम आहे, शेजाऱ्यानं नव्हे.

रात्रपाळी
मी उपशीर्षकं करतो, त्यामुळे मला हा चैनीचा वाद परवडत नाही. एका ओळीत जेमतेम चाळीस अक्षरं, दोन सेकंद. तरी सांगतो, माझ्या मते कॅस्टिलोला 'दरारा' बसत नाही, पण माझं कारण मित्रानं दिलं त्याहून वेगळं आहे. दरारा हा नावाचा असतो आणि माणूस तिथे नसतानाही काम करतो. 'पंचक्रोशीत त्याचा दरारा.' कॅस्टिलोचं सगळं त्या खोलीपुरतं आहे. तो आला की हवा बदलते, गेला की क्रॉकेट पुन्हा आपल्या मनाचं करायला मोकळा! मी 'जरब' घेईन, तीही 'नजरेतली जरब'.

निळी शाई
रात्रपाळी, मनाचं करायला मोकळा हे खरं, पण ते करतानाही दोघं 'साहेबांना काय सांगायचं' हे आपसात बोलत असतात. म्हणजे तुमच्याच कसोटीवर दरारा ठरला की. आणि जरबेत शिक्षा दडलेली आहे. कॅस्टिलो शिक्षेची भाषा करत नाही, उलट वरच्यांशी भांडून आपल्या माणसांना पाठीशी घालतो. माणसं त्याला घाबरतात असं मला वाटत नाही. त्याच्यासमोर आपण हलके पडू नये असं त्यांना वाटतं. यासाठी शब्द हवाय.

मधली सुटी
भीती नकोच असेल तर 'वजन' म्हणा. त्याच्या शब्दाला वजन आहे. झालं.

कानामात्रा
वजन पण अरबीच.

मधली सुटी
बरं मग 'भार' म्हणू. 'कॅस्टिलोचा शांत भार'. वाचणाऱ्याला वाटेल विजेचं बिल आलंय.

जुना टंक
अवांतर, पण महत्त्वाचं. 'लेफ्टनंट' तसंच ठेवणार आहात का? मराठी वाचकाला लष्करी अधिकारी वाटेल. अमेरिकी पोलिसांत सार्जंटच्या वर आणि कॅप्टनच्या खाली हा हुद्दा असतो, ब्रिटिश पोलिसांत तो नाहीच. 'निरीक्षक' करून टाका.

रात्रपाळी
कृपया नको. 'निरीक्षक कॅस्टिलो' म्हटलं की शाळा तपासायला आलेले साहेब दिसतात. मी एका कामात 'फौजदार' वापरलं होतं, ते परत आलं, शेरा असा की गावरान वाटतं. गावरान! मोगल काळातला फौजदार ऐकेल तर कपाळ बडवेल.

आडवाट
लेफ्टनंट ठेवाच. मूळ फ्रेंचमध्ये तो 'जागा धरणारा'. दुसऱ्याच्या जागी बसलेला. आणि कॅस्टिलो येतो कसा आठवतंय ना? पहिल्या काही भागांत साहेब होता रॉड्रिगेझ, तो मारला जातो आणि त्याच्या रिकाम्या खुर्चीवर हा येतो. पथकाला आधीचा हवा असतो, हा नको असतो. तरीही तो कोणाला जिंकायला जात नाही, ओळख वाढवत नाही, भाषण देत नाही. इतका शब्दार्थानं लेफ्टनंट दुसरा नसेल.

मधली सुटी
अगदी हेच 'प्राइम सस्पेक्ट'मध्ये! १९९१ ची ब्रिटिश मालिका, हेलन मिरेनची जेन टेनिसन. तिथेही आधीचा अधिकारी हृदयविकारानं जातो आणि चालू तपास हिच्या हाती येतो. हाताखालचे पुरुष उघडउघड नाराज. ती त्यांना बजावते की मला मॅम म्हणायचं नाही, मी काही राणी नाही, गव्हर्नर नाहीतर बॉस म्हणा. (पुढे २००६ मध्ये मिरेननं खरोखरच राणी एलिझाबेथची भूमिका केली आणि ऑस्कर घेतलं, ही गंमत वेगळीच.)

आता माझा प्रश्न. तुमचे हे सगळे शब्द टेनिसनला लावून बघा. कॅस्टिलो मोजकं बोलला की 'करारी', 'धीरगंभीर', 'भारदस्त'. बाई मोजकं बोलली की 'खाष्ट', 'तुसडी', फारच मेहेरबानी झाली तर 'खमकी'. खमकीतही एक आश्चर्य लपलेलं आहे, बाई असून बघा कशी, असं. पुरुषाला कोणी सहसा खाष्ट म्हणत नाही.

कानामात्रा
माझ्या आत्येभावाला आम्ही सगळे खाष्टच म्हणायचो. आणि भाषेवर हे आरोप करून काय मिळणार? 'करारी बाणा' स्त्रीलाही सर्रास वापरतात.

मधली सुटी
बाणा वापरतात, मान्य. 'भारदस्त बाई' लिहा आणि दहा जणांना विचारा डोळ्यांसमोर काय आलं. वजनकाटा आला नाही तर मी हा धागा सोडून जाईन.

रात्रपाळी
'कडक मॅडम' मात्र दोघांना न दुखवता चालतं. 'कडक साहेब', 'कडक मॅडम'. रोजच्या बोलण्यात लोक हेच म्हणतात. शब्दकोशात शोधायची गरजच नाही. अडचण एवढीच की हल्ली गाणं आवडलं तरी 'कडक' आणि फोटो आवडला तरी 'कडक'. लेखात 'कॅस्टिलो कडक होता' लिहिलं तर विशीतला वाचक वेगळंच समजेल. तेही खोटं नाही म्हणा.

आडवाट
मधली सुटी यांच्या प्रतिसादात 'करारी' आला तो उचलतो. निळी शाईबाईंना हवा तो शब्द कदाचित हाच आहे आणि आपण सगळे त्याच्यावरून चालत गेलो. करार म्हणजे अरबीत स्थिरता, ठाव, एका जागी ठरणं. उलट काय? बेकरार, ज्याच्या जिवाला चैन नाही. म्हणजे करारी म्हणजे मुळात रागीट नव्हे, आवाजी नव्हे, तर न हलणारा. आता कॅस्टिलो डोळ्यांसमोर आणा. सबंध मालिका धावते, बोटी धावतात, गाड्या धावतात, कॅमेरासुद्धा धावतो. हलत नाही तो हा एकटा. ओल्मोसनं अभिनयातून वजाबाकी केली आहे. हात खिशात नाहीत, हातवारे नाहीत, पापणी उगाच लवत नाही. बाकीचे बेकरार आहेत म्हणून हा करारी दिसतो.

निळी शाई
हे आवडलं. पण 'करारी' म्हटलं की मला ताठ मान आणि पिळदार मिशा दिसतात. कॅस्टिलोची मान बरेचदा खाली असते. आणि त्याचं ते न हलणं कमावलेलं वाटत नाही, झालेलं वाटतं. पहिल्याच वर्षात दोन भागांची एक गोष्ट आहे. हा आधी अमली पदार्थविरोधी केंद्रीय खात्यातर्फे थायलंड-लाओस-ब्रह्मदेशाच्या 'सुवर्ण त्रिकोणा'त होता, तिथे बायको गेली असं धरून चालला, आणि ती पुढे येऊन उभी राहते ती दुसऱ्याची होऊन. तेव्हाही तो तितकाच स्थिर. मला तिथे उमजलं की हा माणूस अधिकारामुळे गप्प नाही, काहीतरी गिळून गप्प आहे. 'करारी'त ते गिळणं येत नाही. 'शांत दरारा'त निदान 'शांत' तरी येतं.

जुना टंक
एवढंच असेल तर मायामीला कशाला जायचं? 'ब्रुकलिन नाइन-नाइन'मधला कॅप्टन होल्ट बघा. विनोदी मालिका असूनही आंद्रे ब्राउअर चेहऱ्याची रेष हलू देत नाही. तिथे कोणी 'गिळलंय' म्हणणार नाही, आणि धाक तोच.

रात्रपाळी
होल्टचं गिळलेलं मालिका पहिल्याच भागात सांगते की. समलिंगी असल्याचं लपवलं नाही म्हणून वर्षानुवर्षं त्याला स्वतःचं ठाणं मिळू दिलं नाही. आणि तुम्ही पुन्हा 'धाक' म्हणालात. धाक नाही तो, हाताखालच्या पेराल्टाला त्याची शाबासकी हवी असते. शाबासकीची भूक आणि धाक एकच?

कानामात्रा
एकच. 'आदरयुक्त भीती' म्हणतात त्याला. शाळेत निबंधात सगळ्यांनी लिहिलंय.

मधली सुटी
म्हणूनच तो शब्द मेलाय.

रात्रपाळी
बाय द वे, मालिकेच्या नावातल्या 'व्हाइस'चं कोणी काही करणार आहे का? मला एका ठिकाणी 'उप' असं केलेलं वाचायला मिळालं. म्हणजे व्हाइस प्रिन्सिपल, व्हाइस कॅप्टन, तसं मायामीचं उप.

जुना टंक
हसून पुरेवाट. व्हाइस म्हणजे दुर्व्यसन, अनीती. जुगार, वेश्याव्यवसाय, अमली पदार्थ बघणारं पथक. 'अनीतिविरोधी पथक' करा.

कानामात्रा
'अनीतिविरोधी' ऐकून कीर्तन चालू होईल असं वाटतं, पण शब्द निर्दोष आहे. माझा पाठिंबा.

मधली सुटी
मुंबई पोलिसांत या धाडी घालणाऱ्या शाखेचं नाव 'समाजसेवा शाखा' आहे. आता करा भाषांतर.

जुना टंक
'मायामी समाजसेवा'. क्रॉकेट आणि टब्ज पांढरे कोट घालून रक्तदान शिबिर भरवताहेत.

आडवाट
पण त्यांचा भर अमली पदार्थांवर जास्त, तेव्हा त्या शब्दाकडेही बघायला हवं. अमल म्हणजे अरबीत कृती, काम. तिथून आपल्याकडे दोन फाटे. एक सत्तेचा, अंमल बसवणं, अंमलबजावणी, अंमलदार. दुसरा नशेचा, अंमल चढणं. भांग पाजणाराही अंमल चढवतो आणि फौजदारही अंमल गाजवतो. निळी शाईबाई, तुम्ही 'दरारा' सोडून सरळ 'कॅस्टिलोचा अंमल' लिहिलंत तर? पथकावर त्याचा अंमल आहे आणि तुमच्यावर त्याचा अंमल चढलाय, दोन्ही.

निळी शाई
दुसरं खरं आहे, ते लेखात येणार नाही.

कानामात्रा
आडवाट, आधी एक ठरवा, 'अमली' की 'अंमली'? तुम्ही अनुस्वार देऊन अंमलदार लिहिता आणि न देता अमली. एकाच मुळाला दोन न्याय?

आडवाट
अंमलदारात अनुस्वार रूढ आहे, म्हणून. अमलीत विकल्प आहे.

कानामात्रा
विकल्प कोणी दिला? सरकारी पाट्यांवर 'अंमली' दिसतं.

रात्रपाळी
सरकारी पाट्यांवर 'सुचना' पण दिसतं. उपशीर्षकात मी अनुस्वार काढतो, जागा वाचते.

कानामात्रा
अनुस्वाराला कसली हो जागा लागते? तो डोक्यावर बसतो.