बिनविरोध ग्रामपंचायत : एकी की लोकशाहीचा गळा?

रानपाखरू :
परवा गावात पारावर बैठक झाली, यंदा ग्रामपंचायत बिनविरोध करायची म्हणून. एका पोराने मला फॉर्म भरायचाय म्हटलं तर चारी बाजूंनी ओरडले, गावात फूट पाडतो का म्हणे. माझ्या मते लोकशाहीविरोधी आहे ते हेच. 2021 ला नाशिकच्या उमराण्यात आणि नंदुरबारच्या खोंडामळीत तर पदांचीच बोली लागलेली, खोंडामळीत 42 लाख आणि उमराण्यात दोन कोटींच्या वर, मंदिरासाठी. निवडणूक आयोगाने दोन्हीकडची निवडणूक रद्द केली, बरंच झालं.

काळी_माती :
लिलाव चूकच, त्यावर वादच नाही. पण सगळ्या बिनविरोधला त्याच पंगतीत नका बसवू राव. आमच्याकडे मागच्या इलेक्शनला सख्खे भाऊ एकमेकांच्या दारात जाईनात, मटण, दारू, पाकिटं सगळं झालं, आणि निवडून आलेला पहिली दोन वर्षं खर्चच वसूल करत होता, त्यापेक्षा चार जाणती माणसं बसून ठरवतात ते काय वाईट? सहमती म्हणजे लोकशाही नाही का?

रानपाखरू :
ती चार माणसं कोण, दरवेळी तीच का, आणि त्यांच्यात मागासवर्गीय वस्तीतला एक तरी असतो का ते सांगा आधी.

जाईजुई :
माझी चुलती गेल्या वेळी महिला राखीव जागेवर उभी होती. कुणी धमकी नाही दिली काही नाही, फक्त रोज संध्याकाळी कोणीतरी घरी यायचं, काकांशी बोलायचं, तिच्याशी नाही. माघारीच्या शेवटच्या दिवशी काकाच तिला गाडीवर बसवून तहसीलला घेऊन गेले. नंतर बिनविरोधचा गुलाल उधळला, त्यात ती नव्हती.

काळी_माती :
ताई हे वाईट झालं, खरंच. पण मग उपाय काय, दर पाच वर्षांनी भांडायचंच?

जाईजुई :
दादा, बाई पारावर नवऱ्यासमोर, सासऱ्यासमोर हात वर करून बोलणार नाही हे आपल्याला माहितीये, म्हणून तर दारूबंदीला गुप्त मतदान असतं, आडवी बाटली (दारू बंद) की उभी (चालू) ते ती एकटी पडद्याआड ठरवते. बाटलीसाठी एवढी काळजी घेतो आपण आणि सरपंचासाठी नको? मतदान होऊ द्या, तुमचा जाणता माणूस खरंच सगळ्यांना हवा असेल तर येईलच की निवडून.

काळी_माती :
भांडणाचं मी म्हणतो ते आहेच. पण फॉर्म मागे घ्यायला घरी जाऊन बसू नये, एवढं मात्र मी आमच्या बैठकीत बोलणार.