मदत हवी आहे: पथकाच्या नावाला ग्लो येत नाहीये, परवा हंडी आहे!

पाचपाखाडीचा_पक्या: सी शार्पमध्ये प्रोग्राम लिहून स्क्रीन बनवलीय. गोविंदा पथक आलं की नाव आणि थर टाइप करायचे, मागच्या एलईडी वॉलवर मोठ्ठं दिसणार. अक्षरांना निऑनसारखा ग्लो हवाय. नेटवरून आउटरग्लोबिटमॅपइफेक्ट, म्हणजे अक्षरांभोवती ग्लो देणारा तयार इफेक्ट, उचलून टाकला. एरर नाही, ग्लोही नाही. लवकर सांगा.

कळवा_कोडर: स्क्रीन कशात बनवलीस, विनफॉर्म्स की डब्ल्यूपीएफ? डॉटनेटचं व्हर्जन कुठलं? काहीच सांगायचं नाही आणि वर घाई.

ऐरोली४२: आउटरग्लो म्हणतोय म्हणजे डब्ल्यूपीएफच की. अरे, डॉटनेट ४ पासून ते बिटमॅपइफेक्ट नुसते नावाला उरलेत. कंपाइल होतात, दिसत काही नाही. नाव दाखवणाऱ्या टेक्स्टब्लॉकला ड्रॉपशॅडोइफेक्ट लाव, ब्लररेडियस (कडेचा पसरटपणा) २५ वगैरे.

जुना_खोड: विनफॉर्म्समध्ये हे कधीच झालं असतं. ग्राफिक्सपाथला ॲडस्ट्रिंग, म्हणजे अक्षरांची आउटलाइन मिळते, मग ती फिकट रंगाच्या जाड पेनपासून बारीक पेनपर्यंत पाच-सहा वेळा गिरवायचं, वरून फिल. डबलबफर्ड ट्रू करा, नाहीतर लुकलुकतं.

ऐरोली४२: काका, त्याने विनफॉर्म्स विचारलंय का?

वाशीकर_मी: एवढं कशाला? वेबपेज कर, टेक्स्टशॅडोची एक ओळ. ब्राउझर फुल स्क्रीन.

पाचपाखाडीचा_पक्या: वेबपेज नकोय, सगळं बनवून झालंय. ड्रॉपशॅडो लावला, पण खाली उजवीकडे सावली पडल्यासारखं दिसतंय. आणि अक्षरं पुसट झाली.

ऐरोली४२: शॅडोडेप्थ ० दे. न दिल्यास ५ धरतो, म्हणून सरकतंय. पुसट होतंय कारण इफेक्ट लागला की क्लियरटाइप (अक्षरं रेखीव दाखवणारी विंडोजची सोय) जातो. एकाच ग्रिडमध्ये दोन टेक्स्टब्लॉक एकावर एक ठेव, मजकूर तोच. मागच्याला इफेक्ट, पुढचा कोरा.

मामलेदार_मिसळ: हंडी कुठली? मागच्या वर्षी आमच्या पोराला पाठीला लागलं होतं. हार्नेस वापरा रे.

पाचपाखाडीचा_पक्या: आला आला! लॅपटॉपवर एक नंबर दिसतोय. वॉलवर मात्र काहीच कळत नाही. मागे पांढरं आहे म्हणून असेल का?

कळवा_कोडर: पांढरं?? हे आत्ता सांगतोयस? ग्लोचा रंग कोणता?

पाचपाखाडीचा_पक्या: पिवळा. बॅनर पांढरा म्हणून स्क्रीनपण पांढरी ठेवली.

ऐरोली४२: काळं कर. आणि हंडी किती वाजता?

पाचपाखाडीचा_पक्या: सकाळी दहापासून.

जुना_खोड: भर उन्हात ग्लो? अक्षरं जाड करा, बाकी सोडा.

पाचपाखाडीचा_पक्या: काका, मला पटतंय हो. पण मंडळाच्या अध्यक्षांना ग्लोच हवाय.