∃क्ष (क्ष=क्ष) सिद्ध होतं; मग ‘काहीतरी का आहे’ याचं उत्तर मिळालं का?

रिकामी_चौकट

विधेय तर्कशास्त्रात (‘सगळे’ ∀ने आणि ‘निदान एक’ ∃ने लिहिणाऱ्या तर्कशास्त्रात) ही सिद्धता तीन ओळींत बसते. ∀क्ष (क्ष=क्ष), म्हणजे प्रत्येक वस्तू स्वतःशी समान, हे समतेचं गृहीतक. त्यावरून अ=अ. त्यावरून ∃क्ष (क्ष=क्ष), म्हणजे निदान एक वस्तू आहे. अनुभवातून आलेलं एकही विधान यात नाही. मग ‘काहीच नसण्याऐवजी काहीतरी का आहे’ हा लाइब्निट्सने १७१४ साली मांडलेला प्रश्न तर्कशास्त्रानेच निकालात काढला असं का म्हणू नये? ‘काहीच नाही’ हे व्याघाती (स्वतःलाच खोडणारं) ठरलं, तर व्याघात का घडला नाही याचं कारण कोण विचारणार? यात कुठेतरी गोम आहे हे कळतंय, पण नेमकी कुठल्या ओळीत?

उलटा_अ

दुसऱ्या ओळीत. ‘अ’ हे नाव लिहिलंत तेव्हाच त्या नावाची वस्तू आहे हे मान्य केलंत. रूढ विधेय तर्कशास्त्रात दोन अटी व्याख्येतच असतात: डोमेन (ज्या वस्तूंबद्दल बोलायचं त्यांचा संच) रिकामा नसावा, आणि प्रत्येक नावाला धनी असावा. आडात होतं म्हणून पोहऱ्यात आलं, इतकंच. रसेलने १९१९ मध्ये हे कबूल केलं होतं: निदान एक वस्तू आहे हे जर तर्कशास्त्राच्या मूळ विधानांतूनच निघत असेल, तर तो तर्कशास्त्राच्या शुद्धतेतला दोष आहे.

मग अट ठेवतात कशाला? सोयीसाठी. डोमेन रिकामा असला की ∀ने सुरू होणारं प्रत्येक वाक्य खरं, कारण ते खोटं पाडायला वस्तूच नाही. आणि ∃ने सुरू होणारं प्रत्येक खोटं. लगेच ‘सगळे प आहेत, म्हणून काही प आहेत’ हे अनुमान मोडतं. ‘त किंवा ∃क्ष प(क्ष)’ यातला ∃ वाक्याच्या तोंडाशी आणता येत नाही: त खरं असेल तर मूळ वाक्य खरं, पण ∃ पुढे आणल्याबरोबर ते खोटं. म्हणजे सगळे संख्यापक (∀ आणि ∃) पुढे आणून सूत्र प्रमाण रूपात लिहायची नेहमीची रीत अडते. सगळ्यात चमत्कारिक प्रकार मोकळ्या चलांचा, म्हणजे ∀ किंवा ∃ने न बांधलेल्या ‘क्ष’सारख्या खुणांचा. ‘क्ष=क्ष’ वैध, ‘क्ष=क्ष असेल तर ∃य (य=य)’ वैध, आणि ‘∃य (य=य)’ मात्र अवैध! जर-तरचं साधं अनुमानच तुटलं. तर्कशास्त्रज्ञ मोस्तोव्स्कीने १९५१ मध्ये ही किंमत मोजून रिकामा डोमेन चालणारी पद्धत उभी केली. मोकळी चलं नसतील तर काम सोपं आहे. तर्कशास्त्रज्ञ क्वाइनची १९५४ ची, रिकाम्या डोमेनमध्ये वाक्य खरं की खोटं ते सांगणारी चाचणी अशी: ∀चे घटक खरे धरा, ∃चे खोटे धरा, आणि सत्यता-कोष्टक मांडा. तुमच्या ∃क्ष (क्ष=क्ष) ला ही चाचणी लावा, एका क्षणात ‘खोटं’ येतं.

संगणकावर बघायचं असेल तर हेच विधान इझाबेलच्या एचओएल पद्धतीत आणि लीनमध्ये टाका (दोन्ही सिद्धता तपासणाऱ्या संगणक-प्रणाली). इझाबेल ते मुकाट्याने मान्य करतो, कारण तिथे कुठलाही प्रकार (वस्तूंचा वर्ग, इथे डोमेनच्या जागी) रिकामा असूच शकत नाही; नवा प्रकार बांधताना त्यात निदान एक सदस्य आहे हे आधी सिद्ध करून द्यावं लागतं. लीनमध्ये रिकामा प्रकार चालतो, म्हणून कुठल्याही प्रकारासाठी हे विधान सिद्ध करायला गेलात तर सिद्धता अडते, आणि ‘हा प्रकार रिकामा नाही’ हे गृहीतक हाताने पुरवलं की पुढे सरकते. एकच वाक्य, दोन निकाल. यात विश्वाबद्दल काही कळलं असं म्हणायची सोय नाही.

रिकामी_चौकट

पटलं. पण वस्तू म्हणजे दगडधोंडेच कशाला? संख्या घ्या. शून्य ही संख्या, रिकामा संच, हे तरी काहीही नसताना असणारच ना? ‘चंद्रांची संख्या शून्य’ असं म्हणायलाही शून्य लागतं.

उलटा_अ

तर्कातूनच गणित उभं करू पाहणाऱ्या फ्रेगेचा मार्ग साधारण हाच होता. ‘स्वतःशी समान नसलेलं’ या संकल्पनेखाली काहीच येत नाही, त्या संकल्पनेची संख्या ती शून्य. पुढे ‘शून्याशी समान’ या संकल्पनेची संख्या एक, आणि गाडी सुटली. पण संकल्पनेवरून वस्तू निर्माण करून देणारा त्याचा पाचवा मूलनियमच कोसळला, कारण त्यातून व्याघात निघतो हे रसेलने जून १९०२ च्या पत्रात दाखवलं. नंतर रसेल आणि व्हाइटहेड यांनी गणित पुन्हा उभं केलं तेव्हा ‘वस्तू अनंत आहेत’ हे गृहीतक त्यांना वेगळं सांगावं लागलं. नुसत्या तर्कातून ते निघेना. आजच्या संच-सिद्धांतातही रिकामा संच फुकट मिळत नाही. एक तर त्याचं वेगळं गृहीतक असतं, नाहीतर ‘एखादा तरी संच आहे’ यावरून, त्यातले सगळे सदस्य गाळून, तो काढतात. आणि तो ‘एखादा तरी संच’ कुठून आला? बहुतेक वेळा तुमच्या त्या तीन ओळींतून.

पायरी_तिसरी

लाइब्निट्सला हे ठाऊक होतं, हे विसरू नका. तो दोन तत्त्वं घेतो: व्याघात-नियम, आणि पर्याप्त कारणाचा नियम, म्हणजे जे जे आहे ते तसंच का याला पुरेसं कारण असतं. पहिलं तर्कशास्त्राचं, दुसरं नाही, कारण ते नाकारल्याने व्याघात होत नाही. भार सगळा दुसऱ्यावर.

आणि तो भार त्याला पेलत नाही. तत्त्वज्ञ व्हॅन इन्वॅगनचा आक्षेप पायरी-पायरीने पाहा. जे खरं आहे पण खोटंही असू शकलं असतं, त्याला आपातिक म्हणू. अशी सगळी विधानं ‘आणि’ने जोडून एक महाविधान करा. तेही आपातिकच, तेव्हा त्याला पुरेसं कारण हवं. कारण अटळ असेल आणि खरोखर पुरेसं असेल, तर महाविधान त्यातून निघतंच आणि तेही अटळ होतं; व्याघात. कारण आपातिक असेल तर ते महाविधानाचाच तुकडा, म्हणजे स्वतःचंच कारण. तेही चालत नाही. ‘पुरेसं’ हा शब्द सैल करून सुटता येतं: कारणाने खुलासा व्हावा, पण परिणाम सक्तीचा नसावा. मग ‘तरी हेच का झालं’ हा शेष उरतोच. बहुतेक चर्चा इथे गाडी न थांबवता पुढे नेतात.

तर्कशास्त्रज्ञ गोडेलने देवाच्या अस्तित्वाची सिद्धता मांडली, तिचंही तसंच. २०१३ मध्ये बेंझम्युलर आणि वोल्ट्झेनलोगेल पालेओ यांनी ती संगणकाकडून तपासून घेतली तेव्हा ‘संगणकाने देव सिद्ध केला’ अशी हवा झाली. तपासली गेली ती फक्त गृहीतकांपासून निष्कर्षापर्यंतची वाट. उलट त्याच तपासणीत गोडेलच्या मूळ हस्तलिखितातली गृहीतकं परस्परविरोधी निघाली. तर्कशास्त्रज्ञ डाना स्कॉटची किंचित बदललेली मांडणी टिकली. आणि त्या मांडणीतूनही ‘जे जे खरं ते ते अटळ’ असा निष्कर्ष निघतो, हे तत्त्वज्ञ सोबेलने १९८७ मध्येच दाखवलं होतं. वरच्या परिच्छेदातला खड्डाच हा, दुसऱ्या गल्लीतून गाठलेला.

(भौतिकीतल्या निर्वात पोकळीतून विश्व आलं, असं कुणी लिहिणार असेल तर: त्या पोकळीला ऊर्जा असते, नियम असतात. ती ‘काहीच नाही’ नव्हे.)

अनुयोगी

न्यायदर्शनातून पाहिलं तर गोम आणखी आधी सापडते. नैयायिकाला नुसता ‘अभाव’ असं म्हणता येत नाही. ‘जमिनीवर घट नाही’ यात घट हा प्रतियोगी, म्हणजे ज्याचा अभाव तो, आणि जमीन हा अनुयोगी, म्हणजे जिथे अभाव तो. दोन्ही सांगितल्याशिवाय अभावाचं ज्ञान पूर्ण होत नाही. प्रागभाव (वस्तू बनण्याआधीचा), प्रध्वंसाभाव (नाशानंतरचा), अत्यंताभाव (कायमचा), अन्योन्याभाव (‘घट म्हणजे पट नव्हे’ असा), चारी प्रकारांना हे लागू. ‘काहीच नाही’ यात प्रतियोगी ‘सर्व’, मग अनुयोगी कोण? जो सांगाल तो ‘सर्व’मध्ये मोडतो.

प्रतियोगीही खरा लागतो. ‘सशाचं शिंग नाही’ हे वाक्य नैयायिक उदयनाचार्य ‘सशाला शिंग नाही’ असं वळवून घेतात: ससा खरा, शिंग (गाईचं का होईना) खरं, नाकारला तो दोहोंचा संबंध. विभक्ती बदलली आणि नसलेली वस्तू वाक्यातून गेली. रसेलने १९०५ मध्ये ‘फ्रान्सचा आजचा राजा’ असाच वाक्यातून घालवला होता.

पायरी_तिसरी

मग यावरून काहीतरी असलंच पाहिजे असं निघतं का? की ही अटही उलटा_अ म्हणतात त्याच जातीची, रिकामा डोमेन चालणार नाही असं भाषेतच ठरवून टाकलेली? तत्त्वज्ञ बाल्डविनचा १९९६ चा ‘वजाबाकी’चा युक्तिवाद, म्हणजे काहीच नसू शकलं असतं हे दाखवणारा, तर अनुयोगीचं नावही घेत नाही. मूर्त वस्तू मोजक्याच असू शकल्या असत्या. त्यातली प्रत्येक नसूही शकली असती. आणि एक नसल्याने दुसरी आणून बसवावी लागत नाही. एकेक काढत जा.

अनुयोगी

जात तीच, मान्य. नैयायिक यावरून अस्तित्व सिद्ध करतही नाहीत. परमाणू, आकाश, काळ, दिशा, आत्मा ही द्रव्यं नित्य आहेत हे ते वेगळ्या युक्तिवादांनी मांडतात. प्रलयातही परमाणू सुटे होतात, नष्ट होत नाहीत. बाल्डविनचं दुसरं पाऊल, ‘प्रत्येक वस्तू नसू शकली असती’, ते म्हणूनच नाकारतील. पण ते नाकारायला द्रव्यांची यादी लागते, नुसती अभावाची व्याख्या पुरत नाही.

एक फरक मात्र आहे. डोमेनची अट काढली तरी तर्कशास्त्र उरतं, क्वाइनची चाचणी आहेच. अनुयोगीची अट काढली तर ‘अभाव’ या शब्दाने काय म्हणायचं होतं तेच नव्याने सांगावं लागेल, आणि वजाबाकीची शेवटची वस्तू काढणाऱ्याने ते अजून सांगितलेलं नाही.