मुतखड्याची कळ उठते, पण डायक्लो सोसत नाही. दुसरं काय?

स्टेअरिंगवाला
लातूर-पुणे रात्रीच्या ट्रॅव्हल्सवर ड्रायव्हर आहे. पाणी बेतानंच पितो, कारण लघवीला गाडी थांबवली की मागून बोंब सुरू. त्याचं फळ मिळालं. मागच्या गुरुवारी टेंभुर्णीच्या पुढे उजव्या कुशीत अशी कळ आली की गाडी ढाब्यावर लावून मी टायरला धरून उकिडवा बसलो. बसवेना, उठवेना. कळ कुशीतून थेट जांघेत उतरत होती.

जवळच्या दवाखान्यात डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन दिलं. दहा मिनिटांत ओठ इडलीएवढे सुजले, छातीत शिट्टी वाजायला लागली. डॉक्टरांनी सांभाळलं आणि केसपेपरवर लाल पेनानं लिहिलं : हे पुन्हा देऊ नये. सोनोग्राफीत खडा ६ मिमीचा, मूत्राशयाच्या तोंडाशी अडकलेला. अजून आतच आहे. परत कळ आली तर करायचं काय?

हुलग्याचं माडगं
दादा, हुलगे रात्री भिजत घाला, सकाळी शिजवून कढण प्या. पानफुटीची दोन पानं अनशापोटी. आमच्या सासऱ्यांचा खडा असाच पडला.

बार्शीकर
दोन बिअर मार, धडधडीत पडतो.

रात्रपाळी
सरकारी रुग्णालयात कॅज्युअल्टीला असतो, आठवड्यात दोन-चार मुतखडे बघतोच.

आधी बिअरचं. कळ चालू असताना बिअर काय, तांब्यांनी पाणी प्यायलं तरी खडा ढकलला जात नाही. वाट अडलेली असते, वरून लघवीचा दाब वाढतो, किडनी ताणते, म्हणून तर दुखतं. तहानेपुरतं प्या. भरपूर पाणी कळ थांबल्यावर, पुढचा खडा होऊ नये म्हणून. माडगं चवीला मलाही आवडतं, पण त्यानं उठलेली कळ बसत नाही.

डायक्लो पहिल्यांदा देतात कारण ते नुसतं दुखणं मारत नाही, किडनीतला दाबही उतरवतं. तुम्हाला मात्र ते बंद, आणि त्याचे भाऊबंदही बंद : आयब्युप्रोफेन, अॅसिक्लोफेनॅक, केटोरोलॅक, अॅस्पिरिन. मेडिकलवाला "हे वेगळं आहे" म्हणाला तरी घेऊ नका.

तुमच्यासाठी पॅरासिटामॉल शिरेतून, मोठ्या माणसाला १ ग्रॅम, पंधरा मिनिटांत. कळीवर ते चांगलं चालतं, लोकांना उगीच तापाचं औषध वाटतं. तेवढ्यानं भागलं नाही तर ट्रॅमाडॉल किंवा मॉर्फिन, तेही दवाखान्यातच. मळमळतं, झोप येते, त्या रात्री स्टेअरिंगला हात नाही. मुरडा सोडवणारं ड्रोटाव्हेरीन सगळीकडे देतात, माझ्या मते एकट्यानं त्याचा फार उपयोग नाही.

दवाखाना गाठेपर्यंत शेक द्या, थट्टा नाही करत. ऑस्ट्रियात रुग्णवाहिकेतच पोट-कंबर शेकून पाहिलं होतं, अभ्यास २००३ साली छापून आला. दुखणं आणि मळमळ दोन्ही उतरली. गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून लावा, कातडी भाजू नका.

खडा खाली आहे, तेव्हा टॅमसुलोसिनबद्दल तुमच्या डॉक्टरांना विचारा. त्यानं वाट थोडी सैल होते, मात्र उठताना चक्कर येऊ शकते, हे ड्रायव्हरला सांगायलाच हवं. आणि थंडी वाजून ताप आला, लघवी बंद झाली किंवा उलट्या थांबेनात, तर शेकत बसायचं नाही. थेट मोठं रुग्णालय.

स्टेअरिंगवाला
डॉक्टरसाहेब, रविवारी पहाटे परत उठली. बायकोनं पिशवी भरेपर्यंत मी तव्यावरचं गरम मीठ फडक्यात बांधून कुशीला धरलं. थोडं उतरलं, निदान रिक्षात सरळ बसता आलं. आत शिरताशिरताच केसपेपर पुढं केला. पॅरासिटामॉलची बाटली लावली. डायक्लोनं मित्राला झटकन आराम पडला होता, तसं नाही झालं. वीसेक मिनिटं दात ओठ खाल्ले, मग भिंतीला टेकून बसता आलं. ट्रॅमाडॉलची वेळ आली नाही.

काल दुपारी चहाच्या जुन्या गाळणीत खडा पडला. तुरीच्या डाळीपेक्षा जरा मोठा, एका बाजूला काटेरी. डबीत घालून तपासायला दिलाय.

हुलग्याचं माडगं
माडगं घेतलं होतं ना?

स्टेअरिंगवाला
घेतलं ताई, दोन वाट्या. लसणाची फोडणी देऊन.