बोन ते माकों सायकलने: द्राक्षमळ्यांतले शांत रस्ते कसे जोडायचे?

मंदगती:
फ्रान्समधल्या बर्गंडीत बोन ते माकों हे अंतर चार दिवसांत सायकलने कापायचा विचार आहे. दोघं जण, कॅरियरवर दोन-दोन बॅगा, सपाटीवर दिवसाला ४५-५० किमी आरामात होतात. गाड्यांची वर्दळ नको. मळे आणि जुनी गावं बघत, थांबत जायचंय. प्रश्न असे:
१. वाट सलग आहे का, की मध्ये हमरस्ता लागतो?
२. भाड्याची सायकल घेताना टायर आणि गियर काय बघायचं?
३. मे की सप्टेंबर?
४. क्लुनीच्या पुढे बोगदा आहे म्हणतात. तो कायम उघडा असतो का?

चाकोरी:
नावाला वाट सलग आहे, पण तिच्यात तीन वेगळ्या जातीचे तुकडे आहेत. हे लक्षात न घेता चार समान दिवस पाडले की पहिला दिवस धावपळीचा होतो आणि तिसरा रिकामा.

बोन ते सांतने हा पहिला तुकडा, साधारण २२ किमी. फलकांवर ‘व्वा दे व्हिन्य’ (द्राक्षमळ्यांची वाट) असं नाव दिसेल. पोमार, वोलने, मर्सो, प्युलिन्यी-मोंराशे, शासान्य-मोंराशे ही गावं ओळीने लागतात. ही खास सायकलसाठी बांधलेली वाट नाही. मळेवाल्यांच्या काँक्रीट आणि डांबराच्या वहिवाटी जोडून ती तयार केली आहे, त्यामुळे पहिला हक्क ट्रॅक्टरचा. उंच पायांचा, द्राक्षाच्या ओळीवरून चालणारा ट्रॅक्टर समोर आला तर आपणच कडेला थांबायचं. अंतर कमी असलं तरी याला अख्खा दिवस द्या, कारण बघण्यासारखं सगळ्यात जास्त इथेच आहे. दगडी कुंपणांनी वेढलेल्या या लहान-लहान तुकड्यांना २०१५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळालं. उताराच्या मधल्या पट्ट्यात सगळ्यात मानाचे मळे, खाली सपाटीला माती खोल आणि वाइन साधी. सायकलवरून हा फरक डोळ्यांना दिसतो. गाडीतून तो निसटतो.

दुसरा तुकडा सांतने-शान्यी-जिव्री. सांतनेहून शान्यीपर्यंत ‘कानाल द्यु सांत्र’ या कालव्याच्या काठाने सपाट वाट आहे, चार-पाच किमी. तिथून दोन पर्याय: कालव्याच्याच काठाने शालों आणि तिथून जुन्या रेल्वेवाटेने जिव्री, किंवा रुली-मर्क्युरेच्या मळ्यांतून थेट जिव्री.

तिसरा जिव्री ते क्लुनी, ४४ किमी. जुन्या रेल्वेमार्गावर केलेली ही डांबरी हरितवाट, म्हणजे मोटारगाड्यांना बंद असलेली वाट, १९९७ मध्ये खुली झाली. रुळांसाठी आखलेली असल्याने चढ जाणवतही नाही. ब्युसी, सें-जांगू, कोर्माताँ ही जुनी स्थानकं विश्रांतीला सोयीची. मात्र वाट खोऱ्याच्या तळातून जाते, म्हणून मळे बरेचदा लांबून दिसतात आणि गावाचा जुना भाग वाटेपासून थोडा वर असतो. सें-जांगूच्या जुन्या गल्ल्या वाटेवरून दिसत नाहीत, आत वळावंच लागतं. कोर्माताँहून शापेझचं अकराव्या शतकातलं चर्च फार लांब नाही. ब्रांस्योंचा किल्ला मात्र टेकडीवर आहे, बॅगा मुक्कामावर ठेवूनच जा.

मुक्काम शान्यी, ब्युसी आणि क्लुनी इथे करा. शेवटचा दिवस याच हरितवाटेने पुढे क्लुनी-माकों, साधारण २५ किमी.

खडीचा घाट:
टायर-गियरबद्दल.

३२ ते ३५ मिमी रुंदीचा, जवळजवळ गुळगुळीत टायर घ्या. २५ मिमीचा शर्यतीचा टायर हरितवाटेवर पळेल, पण मळ्यांतल्या काँक्रीटच्या सांध्यांवर हाडं खिळखिळी करेल आणि बोनच्या तटबंदीआतल्या फरसबंदीवर त्याहून वाईट. जाड नक्षीचा डोंगरी टायर उगाच जड. स्वार आणि सामान मिळून ९० किलोच्या आसपास असेल तर ३५ मिमीला मागे ४ बार (५८ पीएसआय), पुढे ३.५ बार (५१ पीएसआय) पुरे. दुकानदार सवयीने टम्म भरून देतो. थोडी हवा सोडा.

मळ्यांतले चढ लांब नाहीत, आखूड आणि अचानक आहेत. गावाच्या भिंतीला वळसा घातला की समोर शंभर-दीडशे मीटरचा खडा चढ उभा. म्हणून सगळ्यात हलका गियर १:१ किंवा त्याहून हलका हवा, म्हणजे पुढे ३४ दात आणि मागे ३४. त्यावर मिनिटाला ६० पायडल मारले तरी ताशी साडेसात-आठ किमी वेग राहतो, तोल जात नाही. वळणाआधीच गियर उतरवून ठेवा. चढावर जोर लावत बदलला की साखळी करकरते आणि सुटते.

उतारावर धोका तळाच्या वळणाचा. पाऊस झाला की मळ्यातली माती आणि खडी वाहून बरोबर तिथे साचते, काँक्रीटच्या पांढऱ्या रंगात ती दिसत नाही. वळणाआधी सरळ असतानाच ब्रेक लावा, वळणात नको.

ब्रेकवरून आठवलं: तिथल्या सायकलला पुढचा ब्रेक बहुधा डाव्या हाताला असतो, आपल्याकडे उजव्या. दुकानाबाहेरच एकेक दाबून बघा, हवं तर बदलून मागा.

पंक्चरला कारण ठरतात छाटलेल्या काड्या आणि मळ्याच्या तारांचे तुकडे. दोन ट्यूब, दोन टायर लिव्हर, पंप आणि व्हॉल्व्हचा प्रकार (बारीक प्रेस्टा की जाड श्रेडर) बघून घेतलेलं अडॅप्टर एवढं असू द्या. ट्यूब बदलताना टायरच्या आतून बोट फिरवा, तार तशीच राहिली तर दुसरी ट्यूबही जाते.

मंदगती:
दोघांचेही आभार. शान्यीहून कालवा घ्यावा की रुली? नकाशाचं अ‍ॅप तर कालव्याचीच वाट दाखवतंय.

नकाशेवाला:
अ‍ॅपला सपाट आणि फलक लावलेली वाट आवडते. शालोंमार्गे गेलात तर कालवा शांत, पण एकसुरी. शिवाय शहरात शिरून पुन्हा बाहेर पडायचं आणि मळे जवळजवळ नाहीत. बॅगा जड असतील किंवा पाऊस असेल तरच कालवा. नाहीतर शान्यी-रुली-मर्क्युरे-मेलसे-जिव्री असं जा, साधारण २० किमी, चढ-उतार आहेत पण लहान. मर्क्युरेपाशी डी ९७८ हा वर्दळीचा रस्ता ओलांडावा लागतो, तेवढं सांभाळा. मेलसेजवळ जर्मोलचा वाडा आहे, बर्गंडीचा ड्यूक फिलिप द बोल्ड याची पत्नी मार्गारेट ऑफ फ्लँडर्स हिचा.

पहिल्या दिवशी डी ९७४ वर चुकूनही जाऊ नका, तो बोन-शान्यी मुख्य रस्ता आहे. उलट बाजूची चूकही होते: अ‍ॅप मळ्यातली एखादी वहिवाट रस्ता म्हणून दाखवतं आणि ती शेवटच्या ओळीपाशी गवतात संपते. फलक दिसत असेपर्यंत फलकाचं ऐका.

बोगदा ब्वा क्लेरचा, १.६ किमी लांब. थंडीत वटवाघळांसाठी बंद ठेवतात आणि तेव्हा खिंडीवरून रस्त्याने जावं लागतं. तुमच्या दोन्ही महिन्यांत अडचण नाही. बाहेर ऊन असलं तरी आत गार असतं, जॅकेट वरच्या कप्प्यात ठेवा आणि दिवा लावा. बोगद्यानंतर बेर्झे-ल-शातेलचा किल्ला दिसतो. पायांत दम उरला तर शेवटी सोल्युत्रेचा ४९३ मीटरचा कडा, पण तो रस्ता खरंच उभा आहे.

मे की सप्टेंबर? मे महिन्यात १ आणि ८ तारखेच्या सुट्ट्या, शिवाय असेन्शन या ख्रिस्ती सणाचा गुरुवार. लोक शुक्रवार जोडून चार दिवस बाहेर पडतात आणि लहान गावांत खोली मिळत नाही. औषधफवारणीही याच काळात, बहुतेक पहाटे-सकाळी. फवारणीचा ट्रॅक्टर दिसला की वारा जिकडून येतोय त्या बाजूला थांबा. सप्टेंबरात तोडणी असते, अलीकडे काही वर्षी ती ऑगस्टअखेरीसच सुरू होते. रंग आणि गजबज सुंदर, पण वहिवाटांवर ट्रॅक्टर-ट्रेलर आणि चिखल. शांतताच हवी असेल तर जूनचा पहिला पंधरवडा बघा, फवारणी मात्र तेव्हाही चालू असते.

खरी अडचण किलोमीटरची नाही, घड्याळाची आहे. गावातली दुकानं १२ ते २ बंद, रविवारी दुपारनंतर बंद, आणि बऱ्याच बेकऱ्या सोमवारी बंद. दुपारचं जेवण साडेअकरापर्यंत पिशवीत हवं. शाकाहारी असाल तर रात्रीच्या जेवणाचं खोली ठरवतानाच सांगा. पाण्यासाठी दफनभूमीत शिरा, जवळजवळ प्रत्येक ठिकाणी नळ असतो. ‘ओ नों पोताब्ल’ अशी पाटी असेल तर ते पिऊ नका.

चाकोरी:
नियमांची भर घालतो. तिथे वाहतूक रस्त्याच्या उजव्या बाजूने चालते. डावीकडून चालणाऱ्यांची चूक गर्दीत होत नाही. रिकाम्या रस्त्यावर विश्रांतीनंतर निघताना होते, तेव्हा सायकल उजव्या कडेलाच उभी करा. गावात पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला, ती अगदी बारीक गल्ली असली तरी. गावाबाहेर रात्री किंवा अंधुक प्रकाशात चमकता जॅकेट सक्तीचा. हेल्मेट १२ वर्षांखालच्यांनाच सक्तीचं, तुम्ही तरी घालाच. कानात इअरफोन दिसला तर १३५ युरो दंड.

हरितवाट रस्ता ओलांडते तिथे अडथळ्याचे खांब असतात. रुंद बॅगा त्यात अडकतात, उतरून ढकला.

मळ्याकाठचा:
वाइनबद्दल कोणी बोललं नाही! रक्तात लिटरला ०.५ ग्रॅम ही मर्यादा सायकलस्वारालाही लागू आहे. चाखायला बसलात की थुंकायचं भांडं मागा, ते तिथे अजिबात उद्धटपणाचं नाही, व्यावसायिक तसंच करतात. मर्सो-प्युलिन्यीच्या लहान उत्पादकांकडे आधी वेळ घेतल्याशिवाय दार उघडत नाही. ७५० मिलीची भरलेली बाटली साधारण १.३ किलो भरते, तेव्हा खरेदी शेवटच्या दिवशी माकोंत. ओळीतली द्राक्षं तोडू नका, एक घडसुद्धा.

परतीला माकोंहून प्रादेशिक रेल्वेत सायकल आख्खी चढते, पण काही गाड्यांना आधी जागा राखावी लागते, तिकीट काढतानाच बघा. वेगवान टीजीव्हीत बहुतेक वेळा सायकल सुटी करून १३० बाय ९० सेंमीच्या पिशवीत घालावी लागते. त्यासाठी पायडलचा पाना जवळ ठेवा, आणि डावा पायडल उलट्या आट्यांचा असतो हे विसरू नका.