मदत हवी आहे : माळाची काळी चिकण जमीन, जिप्सम (कॅल्शियमयुक्त भूसुधारक) टाकावं का?

दहिवडीजवळ (ता. माण, जि. सातारा) आमचं दोन एकर चराऊ रान आहे. वर दीड फूट काळी चिकण माती, खाली मुरूम. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वळवाचं पाणी त्यातून खाली जातं, पण भेगा मिटल्या की पाणी वरच तुंबतं आणि वाळल्यावर कडक पापडी धरते. दोन वर्षं जूनमध्ये मारवेल आणि अंजन गवताचं बी फेकलं, उगवण जवळपास शून्य. कुसळी गवत मात्र जोमात.

माती तपासली : सामू (pH) 8.8, क्षारता (EC) 0.4 dS/m, चुनखडी भरपूर. सोडियमचं प्रमाण तपासलंच नव्हतं, चूक माझीच. घरी कोरडं ढेकूळ पावसाच्या पाण्यात न ढवळता ठेवलं, तर दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळच, म्हणून सोडियमची शंका येते.

विहीर, बोअर नाही, सगळं पावसावर. शेळ्या-मेंढ्या दिवाळीपर्यंत बाहेर ठेवता येतील. नांगरट नको, उतारावरची माती वाहून जाईल.

ही जमीन चोपण (सोडियम जास्त झालेली) समजायची का? आणि सिंचनाशिवाय, नुसत्या पावसावर जिप्समने सोडियम निचरून जाईल, की आधी समपातळीत चर काढून गवताची ठोंबं (मुळांसकट रोपं) लावावीत?